आभाळातून पडलेल्या वस्तूचा पंचनामा

२ एप्रिल २०२२. शनिवार, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास गुजरात, मध्य प्रदेश आणि विदर्भाच्या आकाशातून पेटत्या ठिणग्यांची एक रांग सरकत गेली. नागपूर, अकोला, जळगावकडच्या लोकांनी मोबाइलवर तिचं चित्रण केलं. कुणाला ती उल्का वाटली, कुणाला विमानाचा अपघात, कुणाला क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाला मात्र अंदाज बांधायला फुरसत मिळाली नाही. गावात जेवणावळीची तयारी चालली होती. आभाळातून लालबुंद काहीतरी खाली आलं आणि मोठा आवाज करत मोकळ्या जागेत आदळलं. आता त्याचा स्फोट होणार या भीतीने माणसं घरात शिरली, आणि बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही, असं गावकऱ्यांनी नंतर बातमीदारांना सांगितलं.

पडली होती ती धातूची एक भलीमोठी कडी. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोंच्या वर. दुसऱ्या दिवसापासून धातूचे गोळेही मिळू लागले. पहिला पवनपारला, अर्धा मीटर व्यासाचा. त्यानंतर आसपासच्या गावांतून तशाच गोळ्यांच्या खबरा तहसीलमध्ये येत राहिल्या. कडी सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवली, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. माणूस दगावला नाही, घर पडलं नाही, गुरंही वाचली. आठवडाभर बातम्या झाल्या आणि विषय मिटला.

माझ्या मते तो मिटायला नको होता. त्या रात्री लाडबोरीच्या मोकळ्या जागेत जो प्रश्न येऊन पडला, तो अजून कुणी उचललेला नाही. आकाशात वस्तू सोडणारे हात आता झपाट्याने वाढत आहेत, आणि त्यांत सरकारांपेक्षा खाजगी कंपन्यांचे हात जास्त आहेत. पण त्या वस्तू खाली येतात तेव्हा ज्याच्या बांधीत त्या पडतात, त्याने कुणाकडे जायचं हे आपल्याकडे कुठेही लिहिलेलं नाही.

पहिल्या दोन दिवसांत जो गोंधळ झाला तो नीट पाहण्यासारखा आहे. त्याच दिवशी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी, न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचं रॉकेट उडालं होतं. ते ‘रॉकेट लॅब’ या खाजगी कंपनीचं. पीटर बेक या न्यूझीलंडच्या माणसाने २००६ साली ही कंपनी काढली, पुढे तिचं मुख्यालय अमेरिकेत गेलं. रॉकेटवर ‘ब्लॅकस्काय’ या दुसऱ्या खाजगी कंपनीचे दोन उपग्रह होते. पृथ्वीची छायाचित्रं काढून ती विकणं हा ब्लॅकस्कायचा धंदा. वेळ जवळपास जुळत असल्याने आपल्याकडच्या काही अभ्यासकांनी पहिला अंदाज केला तो याच रॉकेटचा, आणि वृत्तवाहिन्यांनी तो उचलून धरला. मग हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातले जोनाथन मॅकडॉवेल यांनी हिशेब मांडला. जगात कोणती वस्तू कधी वर गेली आणि कधी खाली आली याची नोंद हे गृहस्थ वर्षानुवर्षं ठेवत आले आहेत. त्यांच्या मते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग चंग ३-बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच वेळी वातावरणात शिरणार होता, आणि त्याचा मार्ग बरोबर याच पट्ट्यावरून जात होता. या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच आहे. कडीचं माप त्याच्याशी जुळतं.

म्हणजे पहिला संशय खाजगी अमेरिकी कंपनीवर आणि दुसरा चिनी सरकारी महामंडळावर. सिंदेवाहीच्या तहसीलदारांना यातला कोणता खरा हे ठरवण्याचं साधन नव्हतं, आणि ते असण्याची अपेक्षाही चूक. त्यांच्यासमोर कडी होती. तिच्यावर मालकाचं नाव नव्हतं. मालकाचं नाव कळलं ते अमेरिकेतल्या एका खगोलशास्त्रज्ञाच्या स्वतःच्या चिकाटीमुळे. एखाद्या गावाची सुरक्षितता अशा चिकाटीवर अवलंबून असावी का, हे वाचकांनीच सांगावं.

ही कडी चौदा महिने कुठे होती? दूरसंचाराचे वगैरे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर नेऊन ठेवायचे असतात. रॉकेटचा शेवटचा टप्पा उपग्रहाला एका लांबट कक्षेत सोडतो. या कक्षेचं एक टोक त्या उंचीवर असतं आणि दुसरं जेमतेम दोनशे किलोमीटरवर. उपग्रह आपल्या इंधनावर पुढे जातो. रिकामा टप्पा मागे उरतो आणि त्याच लांबट वाटेवर फिरत राहतो. प्रत्येक फेरीत खालच्या टोकाला त्याला विरळ हवा घासते, थोडा वेग जातो, वरचं टोक थोडं खाली येतं. असं महिनोन्महिने चालतं. शेवटी तो पुरता खाली येतो, तेव्हा त्याच्यावर कुणाचाही ताबा नसतो.

वातावरणात शिरताना बहुतेक धातू वितळतो, पण सगळा नाही. मोठ्या वस्तूच्या कोरड्या वजनातला साधारण दहा ते चाळीस टक्के भाग जमिनीपर्यंत पोहोचू शकतो, असा या क्षेत्रातल्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. सर्वांत चिवट असतात त्या टाक्या. इंधनाच्या टाकीत दाब टिकवायला हेलियमसारखा वायू भरलेले गोल वापरतात. ते टायटॅनियमचे किंवा कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेले असतात. टायटॅनियम वितळायला १,६६८ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि गोल आकारामुळे उष्णता एकाच जागी साचत नाही. पवनपारचा गोळा का टिकला याचं उत्तर इथे आहे. त्यानंतर चाळीस दिवसांनी, १२ मे २०२२ ला, गुजरातच्या आणंद जिल्ह्यात भालेज आणि आसपासच्या गावांत असेच गोळे पडले. मॅकडॉवेल यांच्या मते तेही याच जातीच्या दुसऱ्या एका रॉकेटचे होते.

आणंद, चंद्रपूर ही ठिकाणं योगायोगाने या पट्ट्यात येत नाहीत. चीनचं शीचांग हे उड्डाणस्थळ साधारण अठ्ठावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून थेट पूर्वेकडे सोडलेली वस्तू विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना अठ्ठावीस अंशांच्या पट्ट्यातच फिरत राहते. दिल्लीच्या दक्षिणेचा जवळजवळ सगळा भारत या पट्ट्यात आहे, आफ्रिकेचा मोठा भाग आहे. पेइचिंग नाही, न्यूयॉर्क नाही, लंडन नाही. परतीच्या वेळी वेग ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेचारशे किलोमीटर. त्या रात्री मिनिटभर उशीर झाला असता तर ती कडी विशाखापट्टणमच्या बाजूला, कदाचित समुद्रात गेली असती. एवढ्या बारीक फरकाचं भाकीत आज कुणालाच आधी करता येत नाही.

त्यात तो मोहफुलांचा हंगाम होता. झाडीपट्टीत मार्चअखेर ते एप्रिल या दिवसांत घरंच्या घरं पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन जंगलात असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर या भागात वाघाची धास्ती घेऊनच ही वेचणी होते, कारण ती सोडली तर वर्षाचा रोख पैसा जातो. अशा माणसाला झाडाखाली चकचकीत गोळा दिसला तर तो काय करेल? हात लावेल, मुलांना दाखवेल, घरी नेईल. काही रॉकेटांत आणि उपग्रहांत हायड्रेझिन नावाचं इंधन असतं. ते अत्यंत विषारी आहे, नुसत्या वाफेनेही अपाय होतो. सिंदेवाहीत तसं काही घडलं नाही. पण अशा वस्तूला हात लावू नये, तहसीलला किंवा पोलिसांना कळवावं, एवढं सांगणारा कागद अशा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवा. वाघाबाबतचे फलक आहेत, वणव्याचे आहेत. हा एक आणखी लावायला खर्च तो किती?

आता खाजगी कंपन्यांकडे वळू. त्यांच्या वाढीचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे, मी तो धावता घेतो. अमेरिकेची नासा २००६ पासून खाजगी कंपन्यांना पैसे देऊन अंतराळ स्थानकापर्यंत माल नेण्याची व्यवस्था उभी करू लागली. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पेसएक्स’चं पहिलं रॉकेट २८ सप्टेंबर २००८ ला कक्षेत पोहोचलं. २०११ मध्ये स्पेस शटल निवृत्त झालं. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सने उपग्रह सोडून आलेल्या रॉकेटचा पहिला टप्पा परत जमिनीवर उभा उतरवला, आणि तिथून खर्चाचं सगळं गणित बदललं. मे २०२० मध्ये माणसं स्थानकावर गेली ती या कंपनीच्या यानातून. चंद्रावरही २०२४ मध्ये ‘इंट्युइटिव्ह मशीन्स’चं आणि मार्च २०२५ मध्ये ‘फायरफ्लाय’चं यान उतरलं. आपल्या शुभांशु शुक्ला यांचा २०२५ च्या जून-जुलैमधला प्रवासही ‘ॲक्सिअम’ या खाजगी कंपनीने आखलेला होता. रॉकेट आणि यान स्पेसएक्सचं, भाडं भारत सरकारचं.

महाराष्ट्राला यातलं काही नवीन वाटू नये. इस्रोच्या ‘विकास’ इंजिनाचे भाग विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडत आले आहेत, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने रॉकेटांची कवचं बनवली आहेत, पवईच्या लार्सन अँड टुब्रोचा हात जवळपास प्रत्येक मोहिमेला लागला आहे. हे सगळे खाजगी कारखानेच. फरक असा की पूर्वी ते सुटे भाग करून द्यायचे आणि रॉकेट इस्रोचं असायचं. आता कंपनी स्वतःचं रॉकेट स्वतःच्या नावावर उडवते. हैदराबादच्या ‘स्कायरूट’ने १८ नोव्हेंबर २०२२ ला ‘विक्रम-एस’ उडवलं, चेन्नईच्या ‘अग्निकुल’ने ३० मे २०२४ ला आपलं चाचणी रॉकेट. मला या मुलामुलींचा अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याचं कारण नाही. पण आभाळात जाण्याचा हक्क ज्याला मिळतो, त्याच्या गळ्यात खाली येणाऱ्या तुकड्याची जबाबदारी त्याच दिवशी बांधली गेली पाहिजे, हेही मला तितकंच वाटतं.

कायदा याबाबत काय म्हणतो? १९६७ चा बाह्य अवकाश करार सांगतो की कुठल्याही देशातून होणाऱ्या अवकाशातल्या कामाला तो देश जबाबदार, मग ते काम सरकारचं असो की खाजगी कंपनीचं. १९७२ चा दायित्व करार आणखी पुढे जातो. अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर ज्या देशाने ती सोडली त्याने भरपाई द्यायची, आणि त्यासाठी त्याची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. भारत या दोन्ही करारांत सामील आहे, चीन आणि अमेरिकाही आहेत. वाचायला हे भक्कम वाटतं. अडचण अशी की या करारांत बोलतात ती फक्त सरकारं. लाडबोरीचा माणूस दावा करू शकत नाही. तो त्याच्या वतीने दिल्लीने करायचा, परराष्ट्र मार्गाने, वर्षभराच्या मुदतीत. आणि दिल्लीने तो करायचा की नाही हे लाडबोरी ठरवत नाही, तर त्या वेळचे दोन देशांचे संबंध ठरवतात.

पन्नासेक वर्षांत या कराराखाली मोठा दावा गाजला तो एकच. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या ओसाड प्रदेशात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे बर्फावर विखुरले. ते वेचायला महिने गेले. कॅनडाने सुमारे साठ लाख डॉलर मागितले. १९८१ मध्ये तडजोडीत मिळाले तीस लाख. ज्या भागात तुकडे पडले तिथले लोक बहुतांश आदिवासी शिकारी, हेही आपण गडचिरोलीतून वाचताना ध्यानात घेण्यासारखं आहे. कॉसमॉस कोसळला त्याच्या पुढच्या वर्षी, जुलै १९७९ मध्ये, नासाची ‘स्कायलॅब’ पडणार म्हणून भारतभर भीतीचं वातावरण होतं. ज्यांचं वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना ते दिवस आठवत असतील. ती पडली ऑस्ट्रेलियाच्या एस्परन्स भागात. तिथल्या स्थानिक प्रशासनाने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलर दंड लावला. नासाने तो भरला नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे गोळा करून तो भरला.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत नुकसानभरपाई हा रोजच्या जगण्याचा विषय आहे. वाघाने गाय मारली, रानडुकरांनी उभा धान लोळवला, हत्तींचा कळप ओडिशा-छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत उतरून घराच्या भिंती पाडून गेला, वीज पडून माणूस गेला, या प्रत्येकाला पंचनामा आहे. कोण येणार, कोणता नमुना भरायचा, किती दिवसांत अर्ज द्यायचा, दर काय, हे शासन निर्णयात छापलेलं असतं. रक्कम पुरेशी असते असं नाही. ती वेळेवर येते असं तर नाहीच, वनविभागाच्या कार्यालयात खेटे घालून माणसं थकतात. तरी दावा कुठे करायचा हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, आणि या छोट्या गोष्टीने माणसाला आपण नागरिक असल्याची खात्री वाटते. आकाशातून पडलेल्या वस्तूसाठी मात्र असा कुठलाच रस्ता गावाला माहीत नाही. ती कडी गोठ्यावर पडून दोन बैल मेले असते, तर तलाठ्याने कोणत्या रकान्यात नोंद घेतली असती?

कुणी म्हणेल, असे प्रसंग येतात किती? एखाद्या ठरावीक माणसाच्या डोक्यावर तुकडा पडण्याची शक्यता नगण्यच आहे. पण २०२२ पासूनच्या घटना पाहा. जुलै २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या मेंढपाळांच्या कुरणात स्पेसएक्सच्या ‘ड्रॅगन’ यानाच्या मागच्या डब्याचे तुकडे जमिनीत रुतलेले सापडले. २०२४ च्या वसंतात कॅनडाच्या सस्कॅचेवानमध्ये तसाच प्रकार घडला, शेतात पेरणीच्या तयारीत असलेल्या माणसाला ते दिसले. मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या नेपल्स गावी अंतराळ स्थानकातून टाकून दिलेल्या बॅटरीच्या सांगाड्याचा पाऊण किलोचा तुकडा छप्पर आणि मजला फोडून गेला. घरात मुलगा होता, तो वाचला. ३० डिसेंबर २०२४ ला केनियाच्या मुकुकू गावात अडीच मीटर व्यासाची, पाचशे किलोंची कडी पडली. लाडबोरीच्या कडीची ती थोरली बहीण शोभावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलंडमध्ये पोझनानजवळ स्पेसएक्सच्याच ‘फाल्कन’ रॉकेटची टाकी एका गोदामामागे मिळाली. त्या प्रकरणातल्या हलगर्जीवरून पोलंडच्या अंतराळ संस्थेच्या प्रमुखांना पद गमवावं लागलं.

आपलेही हात यातून सुटलेले नाहीत. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तांब्याच्या रंगाचं एक मोठं पिंप वाहून आलं. ते बहुधा आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असल्याचं ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने जाहीर केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये इस्रोने ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा जुना उपग्रह उरलेलं इंधन वापरून प्रशांत महासागरात ठरवलेल्या जागी उतरवला होता, आणि एप्रिल २०२४ मध्ये भारताने २०३० पर्यंत सगळ्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प जाहीर केला. करता येतं, हे आपणच दाखवून दिलं आहे.

सस्कॅचेवानची कथा थोडी पुढेही गेली. कंपनीची माणसं ट्रक घेऊन आली, तुकडे उचलले, शेतकऱ्याला पैसे दिले. पुढे स्पेसएक्सने ड्रॅगन यान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरात उतरवायला सुरुवात केली, आणि मागचा डबा आधी न सोडता कक्षेतून निघताना अखेरपर्यंत सोबत ठेवला, म्हणजे तोही समुद्रात पडावा. म्हणजे शेतकऱ्यांच्या कुरणात पडलेल्या पत्र्याने जगातल्या सर्वांत मोठ्या अंतराळ कंपनीची कार्यपद्धती बदलली. तिथे हे का घडलं? वर्तमानपत्रं पाठीमागे लागली, अंतराळ संस्थेने प्रश्न विचारले, आणि मालक कोण हे निर्विवाद होतं. सिंदेवाहीच्या बाबतीत यातलं पहिलं आठवडाभर टिकलं, बाकीचं घडल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

एवढं लिहून थांबलो तर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. कारण याच कंपन्यांकडून येणारी एक वस्तू गडचिरोलीला हवी आहे, आणि ती मागण्याचा त्या जिल्ह्याला हक्क आहे.

भामरागड पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटतं. पूल पाण्याखाली गेला की आलापल्लीकडचा रस्ता बंद, पलीकडची गावं आपापल्या हिमतीवर. वीज जाते, मनोरा बंद पडतो, फोन मुका होतो. एटापल्ली, सिरोंचा, कोरचीच्या आतल्या पाड्यांत आशाताईला प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलायला टेकडी चढून जावं लागल्याच्या कथा तिथे कुणालाही नवीन नाहीत. ऑनलाइन हजेरी, रेशनचा अंगठा, पेन्शनचा ओटीपी हे सगळं जोडणीवर उभं, आणि जोडणीच नाही. ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने स्पेसएक्सच्या ‘स्टारलिंक’शी इरादापत्रावर सह्या केल्या. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि स्टारलिंकच्या उपाध्यक्ष लॉरेन ड्रायर त्या वेळी हजर होते. असं करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. दुर्गम जिल्हे म्हणून ज्यांची नावं घेतली गेली त्यांत नंदुरबार, धाराशिव, वाशीमसोबत गडचिरोली होतं. गडचिरोलीचे पालकमंत्रीही मुख्यमंत्रीच. शाळा, आरोग्य केंद्रं, सरकारी कार्यालयं यांना उपग्रहावरून इंटरनेट द्यायचं असा हेतू.

हे झालं तर चांगलंच होईल. मनोरा उभारायला जंगलात रस्ता लागतो, वीज लागते, सुरक्षा लागते, उपग्रहाशी जोडणारी तबकडी मात्र छपरावर बसवून सौर पॅनलवर चालवता येते. पुरात अडकलेल्या भामरागडातून एखाद्या बाळंतिणीचा अहवाल गडचिरोलीच्या डॉक्टरपर्यंत पोहोचला तर त्या उपग्रहाचा मालक कोण हे विचारायला मी जाणार नाही. उपग्रहांशी या जंगलाची सोयरीक तशी जुनी आहे. वणव्याची सूचना वनरक्षकाच्या मोबाइलवर येते ती उपग्रहाने टिपलेल्या उष्णतेवरून. ब्रह्मपुरी भागातल्या वाघांना भारतीय वन्यजीव संस्थेने घातलेल्या कॉलर आपला ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळवत आल्या आहेत.

तरी एक जुनी आठवण इथे ताजी करायला हवी. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोने ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. नासाचा एक उपग्रह वर्षासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट उपग्रहावरून टीव्ही दाखवला. शेती, आरोग्य, शाळा हे विषय. संच सरकारने दिले, दुरुस्तीची माणसं सरकारने नेमली, गावात लोक काय शिकतात हे पाहायला समाजशास्त्रज्ञ जाऊन राहिले. तिथे उपग्रह परक्याचा होता, पण काय दाखवायचं, कुणाला दाखवायचं आणि कधी थांबवायचं हे आपल्या हातात होतं. स्टारलिंकच्या बाबतीत ते कुणाच्या हातात असेल? २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात क्रिमियाजवळ सेवा सुरू करायची नाही, हा निर्णय कंपनीच्या मालकाने घेतला. त्याचं कारण योग्य होतं की अयोग्य हा वेगळा वाद. एक माणूस तो घेऊ शकला, एवढं पुरेसं आहे. भारताने परवान्यात सुरक्षेच्या कडक अटी घातल्या आहेत, त्या सरकारच्या सोयीच्या आहेत. दर वाढला, सेवा थांबली, तबकडी वानरांनी तोडली, तर एटापल्लीच्या आश्रमशाळेने कुणाचं दार ठोठावायचं हेही तितकंच ठळकपणे लिहिलं गेलं पाहिजे.

आणि हे उपग्रहही खाली येतात. स्टारलिंकचा उपग्रह पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतो आणि साधारण पाच वर्षांत निकामी होतो. मग त्याला मुद्दाम खाली आणून जाळलं जातं. २०२५ मध्ये मॅकडॉवेल यांच्या नोंदींनुसार रोज सरासरी एक-दोन असे उपग्रह वातावरणात शिरत होते. ते पूर्ण जळून जातील अशीच त्यांची घडण आहे, असं कंपनी सांगते. मात्र २०२४ च्या ऑगस्टमध्ये सस्कॅचेवानच्याच एका शेतात अडीच किलोचा ॲल्युमिनियमचा तुकडा सापडला, आणि तो आपल्या उपग्रहाचा असल्याचं कंपनीने पुढे मान्य केलं. यांतले बहुतेक उपग्रह विषुववृत्तापासून त्रेपन्न अंशांपर्यंतच्या सगळ्या जगावरून जातात. कोरची-कुरखेड्यावरूनही.

भारतात २०२० मध्ये ‘इन-स्पेस’ ही परवाने देणारी संस्था स्थापन झाली, एप्रिल २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं, २०२४ मध्ये परकी गुंतवणुकीची दारं उघडली. धोरण आहे, कायदा नाही. अवकाशातल्या कामांचा कायदा करण्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांसमोर ठेवला होता, तो संसदेपर्यंत पोहोचलेला नाही. त्यामुळे एखाद्या भारतीय किंवा परदेशी कंपनीच्या वस्तूने नुकसान केलं तर नागरिकाने आपल्याच देशात कुठे दाद मागायची, किती दिवसांत, पुरावा कोणता, याला संसदेच्या कायद्याचा आधार नाही. गुंतवणुकीची घाई आणि दायित्वाची सावकाशी हे दोन वेग मला एकत्र नांदताना दिसतात, आणि ते बदलावेत असं मनापासून वाटतं.

मेंढा-लेखाचं उदाहरण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. धानोरा तालुक्यातल्या त्या छोट्या गोंड गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्याआधी बांबू कागद कारखान्याच्या करारावर जायचा आणि करार व्हायचा तो गावाला न विचारता. त्या गावाने वर्षानुवर्षं बसून कागद वाचले, अभ्यासगट चालवले, आणि करारात आपलं नाव यायला भाग पाडलं. आभाळावर ग्रामसभेचा हक्क सांगावा असं मी म्हणत नाही. पण ज्या करारात गडचिरोलीचं नाव लिहून सह्या होतात, त्याचा मराठी मजकूर भामरागडच्या पंचायत समितीत वाचून दाखवला जावा, त्यात सेवा बंद पडल्यास जबाबदार अधिकारी कोण हे नावानिशी असावं, आणि एक कलम पडणाऱ्या तुकड्यांबद्दलही असावं, एवढी मागणी ग्रामसभा ठराव करून आजही पाठवू शकते.

राज्य सरकारच्या हाती तर त्याहून सोपी गोष्ट आहे. नैसर्गिक आपत्तीत आणि वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मदत देण्याचे शासन निर्णय वेळोवेळी सुधारले जातात. त्यात अवकाशातून पडलेल्या वस्तूंचा समावेश करावा. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी चोवीस तासांत करावा. वस्तूचं वजन, माप, छायाचित्रं, पडल्याची वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत, कारण मालक शोधायला याच गोष्टी लागतात. मदत राज्याने आधी द्यावी आणि नंतर दिल्लीमार्फत ज्याची वस्तू त्याच्याकडून वसूल करावी. दोन देशांचा वाद मिटेपर्यंत शेतकऱ्याने बैलाविना रोवणी करायची, हे चालणार नाही. रोवणीला जेमतेम पंधरा-वीस दिवस मिळतात, आणि पऱ्हे तेवढ्यात म्हातारे होतात.